खुणांचा रकाना

महारोग्यांच्या दवाखान्यात मी कारकून म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. छापील फॉर्म दोन्ही राज्यांचे येत, जे हाताला लागतील ते आम्ही वापरायचो. माझे वडील दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होते. मुसलमानाच्या घरातली, मराठी शाळेत मॅट्रिक झालेली, लग्न न झालेली मुलगी महारोग्यांमध्ये नोकरी करणार, हे मोहल्ल्यात कुणालाच पटलं नाही. अब्बांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तिथले डॉक्टर स्वतः त्या लोकांना हात लावतात का?"

"लावतात," मी म्हटलं.

"मग जा."

अम्मीनं तोंडानं विरोध केला नाही. पण महिन्यातून एकदा मी घरी आले की अंगणात पाण्याची बादली आणि साबण ठेवलेला असायचा. आंघोळ केल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नसे.

दवाखाना यवतमाळच्या पलीकडे, सडकेपासून दोन मैल आत, माळावर होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. पुरुषांची एक लांब बराक, बायकांची एक, मध्ये स्वयंपाकघर, बाजूला विणकामाची शेड. दाराजवळ माझी खोली. एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि कपाटात तीन जाड रजिस्टरं.

नवा माणूस आला की त्याला एक नंबर मिळायचा. तो नंबर पत्र्याच्या बिल्ल्यावर ठोकून दोरीनं गळ्यात बांधायचा. रजिस्टरात नंबरापुढे बाकीचं सगळं लिहायचं. नाव, गाव, वय, आजार किती दिवसांचा, चट्टे कुठे, बोटं कशी, कोणत्या गोळ्या, आणि शेवटच्या रकान्यात ओळखीच्या खुणा. तीळ, भाजल्याचा व्रण, तुटलेला कान, गोंदण. नाव आणि गाव बहुतेक लोक खोटं सांगत. ते खोटं असल्याचं आम्हाला कळायचं आणि आम्ही तसंच लिहायचो. खुणा मात्र समोर दिसतील त्या लिहायच्या. माणूस मेला आणि कुणी न्यायला आलं, तर खात्री पटावी म्हणून तो रकाना होता. न्यायला सहसा कुणी येत नसे.

नंबर माहीत असला की पान काढायला वेळ लागत नसे. कुणी दारात उभं राहून "एकशे चाळीस" म्हटलं, की त्याच्या गोळ्या कधी वाढवल्या ते मी दोन मिनिटांत सांगायची. पण नावावरून किंवा गावावरून नंबर काढायचा, तर काहीच सोय नव्हती. पहिल्या पानापासून एकेक ओळ वाचत जायचं. माझ्या आधीच्या कारकुनानं सोयीसाठी गाववार यादी केली होती. ती यादी गोळ्या न्यायला आलेल्या एका माणसाच्या नजरेला पडली. त्याच्या गावचं एक घर त्या यादीत होतं. महिनाभरात गावानं त्या घराचं विहिरीचं पाणी बंद केलं. डॉक्टरांनी ती यादी स्वतःच्या हातानं स्वयंपाकघरातल्या चुलीत घातली.

मला पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "बाई, नंबर घेऊन येईल त्याला सांगायचं. नाव घेऊन येईल त्याला आपल्याला काही माहीत नाही."

चार वर्षं मी हा नियम पाळला.

ती आली तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. डॉक्टर कामासाठी नागपूरला गेले होते. सकाळचे दहा वाजले असतील. विशीची बाई, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, दाराच्या चौकटीला धरून उभी. आत या म्हटलं तरी येईना.

"मायी माय पाह्याची हाय मले," ती म्हणाली.

"नंबर काय त्यांचा?"

"नंबर नाही मालूम. मले तं माय मेली असंच सांगतलं होतं."

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. ती मारेगावकडची. सहा वर्षांची असताना तिची आई एका पहाटे घरातून दिसेनाशी झाली. विहिरीत पडली, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला. गेल्या पावसाळ्यात तिची आत्या खूप आजारी पडली. मरायच्या आधी तिनं हिला जवळ बोलावून सांगितलं की तुझी आई विहिरीत पडली नाही, तिला महारोग झाला होता आणि तुझ्या बापानं तिला बैलगाडीतून यवतमाळच्या पलीकडे कुठल्याशा दवाखान्याच्या दारात सोडलं.

"मग आताच काहून आल्या तुम्ही?" मी विचारलं. वऱ्हाडी माणसाशी बोलताना माझ्याही तोंडी मधूनच वऱ्हाडी यायची.

पाठ माझ्याकडे करून तिनं पदर बाजूला केला. उजव्या खांद्याखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता.

"इथं सुई टोचली तं लागत नाही," ती म्हणाली. "मायचं असंच सुरू झालतं का, ते तिले इचारायचं होतं. दुसऱ्या कोनाले इचारू मी?"

मी तिला म्हटलं, तुम्हाला आईची गरज नाही, डॉक्टरांची आहे, ते परवा येतील. तिनं मान हलवली. यवतमाळला मामाकडे जाते असं घरी सांगून ती आली होती. मुलाला मामीपाशी ठेवलं होतं. संध्याकाळच्या आत तिला यवतमाळला परतायचं होतं. आणि आधी आई, मग बाकीचं.

डॉक्टर असते तर मी तिला नियम सांगून परत पाठवलं असतं. ते नव्हते. मी कपाट उघडलं.

तिनं आईचं नाव सांगितलं. आमच्याकडे दर गावात त्या नावाच्या चार बायका सापडतील. मी पहिलं रजिस्टर घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एक सापडली म्हणून थांबता येत नव्हतं, कारण पुढे तेच नाव पुन्हा असू शकत होतं. दुपारी दोनपर्यंत तिन्ही रजिस्टरं झाली. त्या नावाच्या पाच जणी निघाल्या. एक साठीची, एक सोळाची, एक आदल्या वर्षी आलेली, एक काळी सावळी नि उंच अशी नोंदलेली. हिची आई तर बुटकी आणि गोरी. पाचवीच्या पुढे लाल शाईनं "मयत" लिहिलं होतं. तिचं सगळं जुळेल असं मला वाटलं. पण तिच्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती. हिची आई तशी नव्हती.

"नाव बदललं असेल त्यांनी," मी म्हटलं. "काही खूण आठवते का?"

"डाव्या हातावर गोंदन होतं," ती लगेच म्हणाली. "इचू. पन अर्धा. गोंदनारीनं नांगी काढाच्या आधीच मायनं हात ओढून घेतलता, लहान होती तवा. मी त्याच्यावर बोट फिरवत झोपत जाव."

तिची बसची वेळ झाली होती. मी म्हटलं, मी शोधून ठेवते, तुम्हाला कार्ड टाकते. ती एकदम उभी राहिली.

"चिठ्ठी नोका पाठवू, बाई. आमच्या गावात चिठ्ठी आली का सारं गाव वाचते. मीच येतो. पंधरा दिवसानं, मंगळवारी."

जाताना तिनं आपलं गाव आणि नवऱ्याचं नाव मात्र सांगितलं. मी विचारलं म्हणूनच सांगितलं. ते कशाला विचारलं, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं आहे. सवय. समोर माणूस बसलं की नाव-गाव लिहून घ्यायचं.

पुढचे आठ दिवस मी रोज दुपारी, गोळ्यांची रांग संपली की, फक्त शेवटचा रकाना वाचत होते. गोंदण नसलेली बाई आमच्याकडे जवळजवळ नव्हतीच. कुणा कारकुनानं नुसतं "गोंदण" लिहिलेलं, कुणी "हिरवी नक्षी", कुणी "तुळस", "मोर", "पाच ठिपके". विंचू लिहिलेल्या सात जणी मी वेगळ्या कागदावर उतरवल्या. त्यातल्या तिघी वारल्या होत्या. पण त्या तिघींच्याही उजव्या हातावर विंचू होता. दोघी बंजारा होत्या, म्हणजे हिची आई नव्हेत. उरलेल्या दोघींना मी बराकीत जाऊन पाहिलं. दोघींचे विंचू नांगीसकट पुरे होते.

आठव्या दिवशी मी कंटाळून पुन्हा पहिल्या रजिस्टरापाशी आले. एका ओळीत लिहिलं होतं, "डावे मनगटावर गोंदलेला खेकडा." मी पुढे गेले आणि दोन ओळींनी थांबले. खेकडा कोण गोंदवतं? चार वर्षांत मी बायकांच्या हातावर नाना प्रकार पाहिले होते, खेकडा कधी पाहिला नव्हता. विंचवाची नांगी काढलीच नाही, तर लिहिणाऱ्याला ते काय दिसेल?

नंबर दोनशे बारा.

दोनशे बाराला मी रोज पाहत होते. ती स्वयंपाकघरात असायची. डाव्या हाताची बोटं मुळापाशी झडलेली, तरी त्या हातानं सूप धरून ती तुरीची डाळ पाखडायची. कमी बोलायची, आणि बोलली की टोचून. मी एकदा जखमांच्या पट्ट्या मोजून तशीच चहाला बसले, तर तिनं पेला माझ्या हातातून काढून घेतला होता. "आधी हात धू. तुले काही झालं तं आमाले कोन लिहील?" तिच्या नावापुढे गाव राळेगाव तालुक्यातलं होतं. नवरा मयत, मूलबाळ नाही. डाव्या मनगटावर ती नेहमी फडकं गुंडाळायची. मला ते जखमेचं वाटायचं.

मी तिला एकटीला गाठलं. ती शेडमागे लाकडं रचत होती.

"मावशी, मनगट दाखवता का?"

"काहून?"

"रजिस्टर तपासून राह्यली मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फडकं सोडलं नाही.

"एक मुलगी आलती," मी म्हटलं. "मारेगावकडची. आई शोधून राह्यली. अर्ध्या विंचवाची खूण सांगितली तिनं."

तिच्या हातातलं लाकूड खाली पडलं नाही की काही नाही. तिनं ते नीट रचलं, दुसरं उचललं.

"मले लेक नाही," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर लिवलं नाही का? मग?"

"तिच्या पाठीवर चट्टा हाय, मावशी."

आता मात्र ती थांबली. पाठ माझ्याकडेच होती. तिनं विचारलं, "केवढा?"

"रुपयाएवढा."

"डॉक्टरले दाखव म्हनाव तिले. गोळ्या घे म्हनाव. आन माय मेली म्हनून सांग. इहिरीत पडूनच मेली, बराबर सांगतलं म्हना तिच्या बापानं."

त्या मुलीनं मंगळवारी यायचं सांगितलं होतं, हे मी दोनशे बाराला कळवलं होतं. मंगळवार आला. दोनशे बारा सकाळपासून दरवाजाजवळच्या लिंबाखाली डाळ निवडत बसली होती. तिथे ती कधी बसत नसे. दुपारची बस आली आणि गेली. सडकेवरून कुणीच आत आलं नाही. संध्याकाळची बसही गेली. दोनशे बारा सूप घेऊन उठली आणि माझ्या दारावरून जाताना म्हणाली, "बरं झालं." त्या दिवशी ती जेवली नाही, हे मला नर्सबाईनं सांगितलं. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा लिंबाखाली बसली. त्याच्या पुढच्याही.

मला ते बघवेना. आणि त्या मुलीचा चट्टा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. लवकर गोळ्या सुरू झाल्या तर हातपाय शाबूत राहतात आणि उशीर झाला तर काय होतं, ते मी रोज पाहत होते. चौथ्या आठवड्यात मी एक साधं पोस्टकार्ड घेतलं आणि तिच्या नवऱ्याच्या नावानं, तिच्यासाठी लिहिलं, "तुमचे काम झाले आहे. सवडीने येऊन जावे." माझं नाव नाही, आजाराचं नाव नाही. मी स्वतःवर खूश होते. हे कार्ड सडकेवरच्या पेटीत मी स्वतः टाकायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी रांग लांब होती, ऊन होतं, दोन मैल जायचा कंटाळा आला. मी ते टेबलावर ठेवलं आणि गोळ्या वाटायला गेले. परत आले तेव्हा चपराशी टपाल घेऊन गेला होता. जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तो 'महारोग दवाखाना' असं लिहिलेला शिक्का मारायचा. त्यानं माझ्या कार्डावरही मारला.

हे मला दुसऱ्या दिवशी, त्याला शिक्का मारताना पाहून कळलं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "सगळ्यावर मारला ना, बाई. एकही सुटला नाही."

मी सडकेपर्यंत धावत गेले. पेटीतलं टपाल केव्हाच गेलं होतं.

तीन आठवड्यांनी एक माणूस तिला घेऊन आला. बसच्या टपावरून आणलेल्या सायकलवर तिची पेटी बांधलेली, ती मागून चालत. मूल बरोबर नव्हतं. त्यानं पेटी माझ्या दारात उतरवली आणि खिशातून ते कार्ड काढलं. घड्या पडून ते मऊ झालं होतं. बऱ्याच हातांतून गेलं असावं.

"हे तुमीच पाठवलं ना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "हिची माय इथं हाय म्हनते. हिच्या पाठीवरही निघालं. आमच्या घरी कोनी पानी प्यायला येऊन नाही राह्यलं. मायी बहीन लग्नाची हाय. ठेवा इले इथंच."

"तिला इथे राहायची गरज नाही," मी म्हटलं. "घरी राहून गोळ्या घेता येतात. चट्टा लहान आहे, बरा होतो. डॉक्टरांशी बोला तुम्ही."

"तुमी गावाशी बोलान का, बाई?"

त्यानं सायकल वळवली. ती पेटीवर बसली होती. "पोराले सर्दी झाली हाय, छातीले तेल लावजा," एवढंच ती त्याला म्हणाली. तो मागे न वळता हो म्हणाला.

स्वयंपाकघरातून कुणीतरी सांगितलं असेल. दोनशे बारा आली. मला वाटलं ती मुलीकडे जाईल. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. मनगटावर फडकं नव्हतं.

"चौदा वर्सं मी नाव टाकून राह्यली इथं," ती म्हणाली. "गाव खोटं सांगतलं, लेक नाही म्हनलं. कायले? हिच्या अंगनात कोनी बोट दाखवू नये म्हनून. आन तू एका कागदानं सारं नेऊन टाकलं तिच्या दारात." तिचा आवाज चढला नाही. "तुले कोनी सांगतलं होतं शोधाले?"

"मीच सांगतलं होतं," पेटीवरून मुलगी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलगी उठून पुढे आली तशी दोनशे बारा दोन पावलं मागे सरली. "दूर राह्य," ती म्हणाली. "मले हात नोको लावू. तुयं बरं होते अजून." आणि ती बराकीकडे निघून गेली. मुलगी तिथेच उभी राहिली. मग पुन्हा पेटीवर बसली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. नोकरी जाईल याची तयारी ठेवली होती. त्यांनी आधी मुलीला तपासलं. एकदा गरम आणि एकदा थंड पाण्याची नळी चट्ट्याला लावली, पिसानं स्पर्श केला. ती डोळे मिटून "नाही, नाही" म्हणत गेली. चट्टा एकच होता. तीन वर्षांत बरी होईल, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती आली नसती तर पाच वर्षांनी बोटं गेलेली आली असती. हे खरं आहे. पण ते सांगून स्वतःची समजूत घालू नका. तुम्हाला तिनं लिहू नका म्हणून सांगितलं होतं." त्यांनी मला काढलं नाही. तिला नंबर मी दिला आणि खुणांच्या रकान्यात मीच लिहिलं. त्या मंगळवारी सासूनं घराबाहेर पडू दिलं नाही, म्हणून येता आलं नव्हतं, असं तिनं सांगितलं. लिहिताना ती म्हणाली, "नाव खरंच लिवा. आता काय लपवाचं?"

त्या महिन्यात घरी गेले तेव्हा अब्बांना हे सांगितलं. ते जिनिंगमधून येऊन रॉकेलनं हाताचं ग्रीस काढत बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते कार्ड तू तिच्यासाठी लिहिलंस की तुला बघवत नव्हतं म्हणून?" मी त्यांना हात पुसायला फडकं दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आंघोळीनंतर अम्मी एरवी मिठी मारायची, त्या दिवशी मारली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आई आणि लेक एकाच आवारात राहू लागल्या. आईनं लेकीला आपल्या बराकीत येऊ दिलं नाही. नर्सबाईच्या खोलीमागे एक पडवी होती, तिथे तिची सोय करायला लावली. तिचं ताट वेगळं, माठ वेगळा. स्वयंपाकघरातही तिनं लेकीची भाकर स्वतः कधी थापली नाही. दुसऱ्या, बऱ्या झालेल्या बाईकडून थापून घ्यायची आणि बाजूला उभी राहून "जाड झाली, पातळ कर" म्हणायची. मुलगी संध्याकाळी अंगणात यायची. आई लिंबापाशी, लेक पायरीवर, मध्ये पंधरा पावलं. काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं नाही. पुष्कळदा काहीच बोलत नसाव्यात. माझ्याशी मात्र दोनशे बारा बोलली नाही. गोळ्या घ्यायला आली की बिल्ला पुढे करायची, गोळ्या घ्यायची, जायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या पायाची जखम हाडापर्यंत गेली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण ताप इतका चढला की हलवता आलं नाही. शेवटच्या दुपारी मुलगी कुणाचं न ऐकता आत गेली. मी दारात होते. आईनं तिला घालवायला हात उचलला, तो मुलीनं धरला आणि सोडला नाही. दोनशे बारा भिंतीकडे तोंड करून रडत होती. त्यानंतर ती फार वेळ जगली नाही. ओळखीसाठी आम्हाला रजिस्टर उघडावं लागलं नाही. लेक शेजारी बसली होती. मी लाल शाईनं "मयत" लिहिलं आणि "मूलबाळ नाही" हे खोडून "मुलगी एक" असं लिहिलं. असं करायचा मला अधिकार नव्हता. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पान उलटलं.

तीन वर्षं पुरी झाली तेव्हा मुलीचा चट्टा गेला होता. डॉक्टरांनी रोगमुक्तीचा दाखला लिहून दिला. तिनं मला सासरी बरोबर चला म्हटलं. यवतमाळहून मारेगावकडे जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. मांडीवर कागदात गुंडाळलेला शर्ट. विणकामाच्या शेडमध्ये शिलाई शिकून तिनं मुलासाठी शिवला होता. माप अंदाजानं घेतलं होतं.

तिच्या घरी आम्हाला ओसरीवर बसवलं. नवऱ्यानं दाखला पाटलाकडे नेला, पाटलानं तो वाचून घडी करून परत दिला. "कागद चांगला हाय," एवढंच तो म्हणाला, असं नवऱ्यानं परत येऊन सांगितलं. सासूनं पाणी दिलं, ते वरून ओतून, ओंजळीत. माझ्याही. घरात दुसरी बायको होती, तिला दिवस गेले होते. ती दाराआड उभी होती आणि तिला आमच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, असं मला दिसलं.

मुलगा अंगणात होता. पाच वर्षांचा. तिनं त्याला हाक मारून शर्ट दिला. त्यानं तो लगेच अंगात घातला. बाह्या कोपरापर्यंतच पोहोचल्या आणि बटणं लागेनात.

"लहान झाला," तो म्हणाला.

"हो रे बापू," ती म्हणाली. "मले वाटलं तू एवढाच असशील."

नवरा आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आला. वाटेत तो तिला म्हणाला, "मी काय करू, सांग." ती म्हणाली, "पोराले शाळेत टाक." बस येईपर्यंत तो थांबला.

बसमध्ये मी तिची माफी मागितली. इतकी वर्षं मागायची राहून गेली होती. ती बाहेर पाहत होती. कापसाची शेतं रिकामी झाली होती, पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते.

"बाई," ती म्हणाली, "कार्ड आलं त्या दिवशी मी लय शिव्या देल्या तुमाले. सासू मारत होती तरी शिव्या तुमालेच देत होती. मग माय भेटली. आता दोन्ही कशी तोलू मी? माफ केलं म्हनलं तं खोटं होईन. नाही केलं म्हनलं तरी खोटंच."

थोड्या वेळानं तिनं विचारलं की पुढचा फाटा कोणता. मी सांगितलं.

ती आमच्याकडेच राहिली. जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला शिकली. चारेक वर्षांनी माझं लग्न होऊन मी नोकरी सोडली तेव्हा ती बायकांच्या बराकीचं सगळं काम पाहत होती. नवीन बाई आली की तिला दारातून आत तीच आणायची. मी निघाले त्या दिवशी तिनं माझी ट्रंक सडकेपर्यंत डोक्यावर नेली. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. बस येईपर्यंत आम्ही तिच्या मुलाविषयी बोललो. तो दुसरीत नापास झाला होता, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं, आणि आता त्याला कोण शिकवत असेल याची तिला काळजी होती.